मांजराच्या बोटाचं शेवटचं पेर

मांजर मांडीवर पेंगत असेल तेव्हा त्याच्या पुढच्या पंजाचं एक बोट वरून-खालून हलकेच दाबून पाहा. बाकदार नख अलगद बाहेर येतं आणि बोट सोडलं की आत जातं. आपलं नख बोटाच्या मांसावर बसलेलं असतं. मांजराचं नख शेवटच्या पेराच्या हाडातूनच वाढतं, त्यामुळे ते पुन्हा येऊ नये असं वाटत असेल तर ते हाडच सांध्यातून तोडावं लागतं, त्याला जोडलेले स्नायुबंध कापावे लागतात. पाळीव मांजरावर अशी शस्त्रक्रिया करून घेतली की लोक ‘नखं काढली’ म्हणतात, पण हे शब्द म्हणूनच फसवे आहेत. दोन्ही पुढच्या पंजांची नखं काढली, म्हणजे दहा बोटांची शेवटची पेरं छाटली.

आणि हे कशासाठी, तर मांजराने ओरबाडू नये म्हणून, बहुतेक वेळा सोफ्यासाठी.

मांजर टाच टेकवून चालत नाही, बोटांवर चालतं. ज्या टोकांवर शरीर तोलायचं तीच गेली की भार मागे सरकतो आणि चाल बदलते. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७४ मांजरं तपासली होती, त्यांतल्या निम्म्यांची नखं काढलेली होती. या निम्म्यांपैकी ६३ टक्के मांजरांच्या पंजात हाडाचे तुकडे राहून गेल्याचं एक्स-रेत दिसलं. नखं काढलेल्या मांजरांमध्ये पाठदुखीची शक्यता जवळपास तिप्पट होती, आणि शी-शूसाठी ठेवलेला वाळूचा ट्रे सोडून भलतीकडे घाण करण्याची सातपट. चावण्याचं प्रमाणही जास्त. शस्त्रक्रिया अगदी बिनचूक झाली होती, एकही तुकडा आत राहिला नव्हता, अशा मांजरांतही चावणं आणि घाण करणं जास्तच आढळलं. हे अगदी समजण्यासारखं आहे. दुखऱ्या बोटांनी खरखरीत वाळू उकरायला कोणाला आवडेल, आणि नखं गेलेल्या प्राण्याकडे स्वतःला वाचवायला दातांशिवाय उरतं काय? सोफा वाचवायला केलेल्या शस्त्रक्रियेनंतर मांजर त्याच सोफ्यावर लघवी करू लागतं आणि घरात नकोसं होतं. मला यातलं हे सगळ्यांत जास्त लागतं.

कुत्र्याची शेपूट छाटण्याची कथा खूप जुनी. पिल्लाच्या शेपटीचं टोक तोडलं की पिसाळण्याचा रोग होत नाही, असं पहिल्या शतकातल्या कोलुमेला या रोमन लेखकाने नोंदवून ठेवलं आहे. ती समजूत गेली, कात्री राहिली. डोबरमन, रॉटवायलर, बॉक्सर यांच्या पिल्लांच्या शेपट्या जन्मानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, अनेकदा भूल न देताच, छाटल्या जातात. इतक्या लहान पिल्लाला दुखत नाही, असं सांगतात. पण नवजात पिल्लात वेदना पोहोचवणाऱ्या वाटा सुरू झालेल्या असतात, त्या वेदनेला आवर घालणारी यंत्रणा मात्र अजून पिकायची असते. १९९६च्या एका अभ्यासात ५० पिल्लांचं निरीक्षण केलं होतं. शेपूट कापताक्षणी त्यांनी किंचाळ्या फोडल्या.

शिकारी कुत्र्यांच्या शेपटीला झुडपांत इजा होते, हा युक्तिवाद पोकळ नाही, म्हणून तो मोजून पाहायला हवा. ब्रिटनमध्ये तो मोजला गेला. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे १,३८,००० कुत्र्यांच्या नोंदी होत्या आणि शेपटीच्या इजेचं प्रमाण ०.२३ टक्के निघालं. एका कुत्र्याची इजा टाळायला साधारण पाचशे शेपट्या छाटाव्या लागतील, असा त्याचा हिशेब. काही शिकारी जातींत धोका जास्त आहे, हे खरं. पण दिवाणखान्यात वाढणाऱ्या बॉक्सरला तो युक्तिवाद लावता येत नाही.

शिवाय शेपूट ही कुत्र्याची बोली आहे. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी खऱ्या कुत्र्याएवढा एक यांत्रिक कुत्रा केला. त्याला कधी लांब, कधी आखूड शेपूट लावायची, कधी ती हलवायची, कधी स्थिर ठेवायची. लांब शेपूट हलत असली की मोठे कुत्रे न बिचकता जवळ येत, स्थिर असली की जपून वागत. आखूड शेपूट हलली काय, न हलली काय, त्यांच्या वागण्यात फरक पडेना. निरोप पोहोचतच नव्हता. कान कातरून उभे करण्यानेही हेच होतं: मागे पडणारे, पुढे टवकारणारे कान भीती आणि उत्सुकता सांगतात. आणि भुंकणं बंद व्हावं म्हणून स्वररज्जू कापले, तर कुत्रा भुंकायचा थांबत नाही, घोगरा, फाटका आवाज काढत राहतो. घशात व्रणाचा पापुद्र्यासारखा पडदा वाढून श्वासाची वाट अरुंद झाल्याचीही उदाहरणं आहेत. तो एकटेपणाने भुंकत असेल, तर एकटेपणा तसाच राहतो.

युरोपीय देशांच्या १९८७च्या करारात शेपूट, कान आणि स्वररज्जू कापणं, नखं आणि दात काढणं या पाचही गोष्टींवर, उपचार हा हेतू नसेल तर, बंदी घातली गेली. न्यूयॉर्क राज्याने मांजरांची नखं काढण्यावर बंदी आणली ती २०१९मध्ये, अमेरिकेत सर्वांत आधी.

मग नसबंदीचं काय? तीही निरोगी प्राण्यावर आणि आपल्या सोयीसाठीच होते, असं कोणी म्हणालं तर ते झटकून टाकता येत नाही. १९८७च्या करारानेही प्रजनन रोखण्याचा अपवाद वेगळा ठेवला. फरक मला दिसतो तो असा, की इथे प्राण्याच्या पदरातही काही पडतं. मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो, नको असलेली पिल्लं रस्त्यावर येत नाहीत. तरी किंमत आहेच. गोल्डन रिट्रीव्हरवरच्या २०१३च्या अभ्यासात, वर्षाच्या आत नसबंदी केलेल्या नरांमध्ये खुब्याच्या सांध्याचा विकार न केलेल्यांच्या दुप्पट आढळला. नॉर्वेचा कायदा तर गरज दाखवल्याशिवाय सरसकट नसबंदीला परवानगीच देत नाही. म्हणून जात, वय, घरातली परिस्थिती पाहून पशुवैद्याशी बोलून ठरवावं, हे मला पटतं.

नखांबाबत इतका विचार करायची वेळच येत नाही. मांजर ओरबाडतं ते नखावरचं जुनं कवच उतरवायला, अंग ताणायला आणि पंजातल्या ग्रंथींचा वास मागे ठेवायला. पूर्ण अंग ताणता येईल इतका उंच, न डगमगणारा, सुंभ गुंडाळलेला खांब सोफ्याशेजारीच उभा करा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ते बोट हलकेच दाबा, नख उजेडाकडे धरा. आत गुलाबी भाग दिसेल, तिथे रक्तवाहिनी आणि मज्जातंतू आहेत. त्याच्या पुढचं पांढरं टोक तेवढं कापा.