दुचाकीस्वाराच्या बुटाची पार्श्वभूमी

रोज दुचाकीने कामावर जाणाऱ्या माणसाने पायांच्या संरक्षणासाठी बूट घ्यायचे ठरवले, की त्याला परस्परांशी न जुळणारे सल्ले ऐकावे लागतात. कोणी कारखान्यातले, बोटांवर पोलादी टोपी असलेले सेफ्टी शूज सुचवतो, कोणी गिर्यारोहणाचे बूट, कोणी लष्करी धाटणीचे उंच बूट, तर कोणी थेट शर्यतीतले. हे सगळेच बूट मजबूत असतात, परंतु त्यातला प्रत्येक प्रकार मुळात वेगळ्या माणसाच्या वेगळ्या धोक्यासाठी घडवला गेला आहे. पहिली मोटारसायकल धावल्यानंतर शतक उलटून गेले, तरी तिच्यावर बसणाऱ्याच्या पावलाला नेमके कशापासून वाचवायचे आणि ते कसे मोजायचे, हे एखाद्या मानकात बांधले गेले नव्हते. आजच्या गोंधळाचे मूळ या उशिरात आहे.

गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये जर्मनीत तयार केलेली लाकडी सांगाड्याची गाडी ही पेट्रोलवर चालणारी पहिली मोटारसायकल मानली जाते. १८९४ पासून हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांची गाडी विक्रीसाठी बनू लागली. त्या काळच्या स्वारांनी पोशाख उसना घेतला तो घोडेस्वाराकडून आणि सायकलस्वाराकडून: गुडघ्यापर्यंतचे चामडी बूट, किंवा साध्या बुटांवर पोटरीभोवती गुंडाळलेली चामड्याची वा कापडाची आवरणे. चिखल, इंजिनातून उडणारे तेल आणि तापलेली धुराडी यांपासून पाय वाचवणे एवढाच त्यांचा हेतू होता. पहिल्या महायुद्धात निरोप पोचवणारे लष्करी मोटारसायकलस्वारही असाच पोशाख करत. घोडेस्वाराच्या बुटाची एक गोष्ट मात्र मोटारसायकलवर खरोखर उपयोगी ठरली, ती म्हणजे रिकिबीत पाय अडकून राहू नये म्हणून दिलेली उठावदार टाच, कारण ती फूटरेस्टवरही पाऊल मागेपुढे सरकू देत नाही. गुळगुळीत चामडी तळ मात्र तेलकट फूटरेस्टवर आणि ओल्या रस्त्यावर घसरत असे.

गिअर बदलण्याचे काम पायाकडे आले, तेव्हा बुटावर नवी जबाबदारी पडली. सुरुवातीच्या बहुतेक गाड्यांत गिअरचा दांडा पेट्रोलच्या टाकीजवळ असे आणि तो हाताने ओढावा लागे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील व्हेलोसेट कंपनीत हॅरॉल्ड विलिस यांनी असा खटका विकसित केला, की पायाच्या एका हालचालीत नेमका एकच गिअर बदले आणि लिव्हर पुन्हा मूळ जागी येई. ही पद्धत पुढे सर्वत्र रुळली. कोणत्या पायाने गिअर बदलायचा याबद्दल मात्र दीर्घकाळ एकमत नव्हते, आणि ब्रिटिश गाड्यांत तो बहुधा उजव्या पायाकडे असे. अमेरिकेच्या संघराज्य नियमाने १९७४ च्या सप्टेंबरपासून डावा पाय सक्तीचा केला, आणि त्या बाजारात गाड्या विकणाऱ्या सगळ्यांनीच मग तो स्वीकारला.

या तांत्रिक बदलाची खूण आजही रोजच्या वापरातल्या बुटावर दिसते. गिअर वर घेताना डाव्या बुटाचा वरचा भाग, अंगठ्याच्या जरा मागे, दर वेळी लिव्हरला घासतो. काही महिन्यांत तेथे काळपट पट्टा उमटतो, मग चामड्याचा वरचा थर सोलवटतो आणि शेवटी शिवण उसवते. म्हणून मोटारसायकलच्या बुटावर त्या जागी जास्तीचा थर शिवलेला असतो. बुटाचे टोक फार जाड असेल तर ते लिव्हरखाली सहज सरकत नाही, ही अडचणही तेव्हापासूनचीच. ज्या गाड्यांत पुढे चवड्याने आणि मागे टाचेने दाबायचा दुहेरी लिव्हर असतो, त्यांत हा त्रास उरत नाही. १९५८ मध्ये आलेल्या होंडा सुपर कबमध्ये असा दाबायचा लिव्हर होता आणि क्लचचा दांडाच नव्हता. रोजच्या कामाची गाडी कोणत्याही पादत्राणात चालवता यावी ही मोठी सोय होती, पण गाडी चपलेत चालवता येते म्हणून पाय चपलेत सुरक्षित राहतो असे नव्हे.

१९३० च्या दशकात अमेरिकेत रेल्वे इंजिनावर काम करणाऱ्यांसाठी नाडी नसलेले, वर आणि घोट्याशी बकल असलेले उंच बूट निघाले. महायुद्धानंतर तेच मोटारसायकलस्वारांची ओळख होऊन बसले. नाडी नसण्याचा फायदा खरा आहे: सुटलेली नाडी गिअरच्या लिव्हरमध्ये किंवा फूटरेस्टमध्ये अडकली, तर गाडी थांबवताना पाय वेळेवर जमिनीवर टेकत नाही आणि उभी गाडी अंगावर येते. मात्र पायात नुसते सरकवायचे हे बूट घोट्याला घट्ट धरत नाहीत, आणि जो बूट पडताना पायातून निघून जातो त्याच्या जाड चामड्याचा काहीच उपयोग होत नाही. त्यांची ऐट अजून टिकून आहे. संरक्षणाबद्दल तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही.

बुटाच्या तळात खरी सुधारणा झाली ती डोंगरात. १९३५ मध्ये इटलीच्या आल्प्समध्ये सहा गिर्यारोहकांचा मृत्यू झाला आणि त्यांची अपुरी पादत्राणे त्याला अंशतः कारण ठरली. त्यांचे सोबती व्हिताले ब्रामानी यांनी त्यानंतर खोल खाचांचा रबरी तळ विकसित केला, आणि १९३७ मध्ये पेटंट झालेला हा तळ पुढे ‘व्हिब्रम’ या नावाने जगभर गेला. उत्तर इटलीतला आसोलो आणि मोंतेबेल्लुना यांच्या आसपासचा प्रदेश गिर्यारोहणाच्या आणि स्कीच्या बुटांसाठी नावाजलेला होता. दिनो सिन्योरी यांनी १९६० मध्ये ‘सिदी’ आणि सान्ते मात्सारोलो यांनी १९६३ मध्ये ‘अल्पाइनस्टार्स’ ही कंपनी सुरू केली ती याच परिसरात. मोटोक्रॉस, म्हणजे खडबडीत मातीच्या मार्गावरच्या मोटारसायकल शर्यती लोकप्रिय होऊ लागल्यावर या कारागिरांनी डोंगरी बुटांची विद्या मोटारसायकलकडे वळवली. स्कीच्या बुटांप्रमाणे पटकन आवळता येणारी बकले, नडगीवर कडक कवच, घोट्याला दोन्ही बाजूंनी आधार, हे सगळे अशाच देवाणघेवाणीतून रूढ झाले. धुळीच्या मैदानासाठी ते योग्यच होते, पण त्या बुटात जिना चढणेसुद्धा कठीण, मग दिवसभर कार्यालयात वावरणे दूरच.

कारखान्यातल्या सेफ्टी शूजचा प्रवास याला समांतर झाला आणि सर्वांत मोठा गैरसमज त्यातून आला. या बुटांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, म्हणजे आयएसओ २०३४५ नुसार, बोटांवरच्या टोपीने २०० जूल ऊर्जेचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसला पाहिजे. हे आकडे भारदस्त आहेत, पण ते वरून पडणाऱ्या किंवा बोटांवर टेकणाऱ्या वजनासाठी आहेत. दुचाकीवरचा नेहमीचा अपघात तसा होत नाही. सिग्नलला किंवा वळणावर अगदी कमी वेगात तोल जातो, स्वार सवयीने पाय टेकतो, आणि दीडशे किलोची गाडी त्याच पायावर कलते. पाऊल रस्ता आणि गाडी यांच्यामध्ये आडवे सापडते, फूटरेस्ट किंवा इंजिनाची कड घोट्याच्या बाहेरच्या हाडावर रुतते, आणि त्याच वेळी पाय पिळवटला जातो. यात दाब येतो तो पावलाच्या रुंदीवर आणि घोट्यावर. बोटांच्या टोपीचा संबंध थोडा. सेफ्टी शूज निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही, घोटा झाकणारे असतील तर कापडी बुटांहून ते नक्कीच चांगले, पण त्यांचे प्रमाणपत्र वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते.

दुचाकीस्वाराच्या संरक्षणाचा शास्त्रीय विचार सुरू झाला तो डोक्यापासून. शस्त्रक्रियातज्ज्ञ ह्यू केर्न्स यांनी १९४१ मध्ये लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर निबंध प्रसिद्ध केला आणि हेल्मेटचा आग्रह तेथून वाढत गेला. हा क्रम बरोबरच होता, कारण पाय मोडून माणूस सहसा दगावत नाही. तरीही पावलात २६ हाडे असतात, त्यातली बरीच लहान आणि सांध्यांनी बांधलेली, आणि ती चुरडली गेली तर चालण्यातला दोष आयुष्यभर राहू शकतो. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिसमधल्या ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. जड बूट, जाकीट आणि हातमोजे यांमुळे खरचटणे व कापणे कमी होते, असे त्यात नोंदवले आहे. गाडीला बसवायच्या क्रॅश बारबद्दलचा, म्हणजे पायांपुढच्या संरक्षक दांड्यांबद्दलचा निष्कर्ष त्याहून मोलाचा होता: घोट्याच्या आणि पावलाच्या दुखापती त्यामुळे घटतात, पण मांडी, गुडघा आणि पोटरीच्या दुखापती तेवढ्याच वाढतात. संरक्षण गाडीवर लादण्यापेक्षा पायात घातलेले बरे, असा त्याचा अर्थ मला लावावासा वाटतो. युरोपातल्या ९२१ अपघातांच्या ‘मेड्स’ या अभ्यासातही एकूण दुखापतींपैकी जवळजवळ एक तृतीयांश दुखापती कंबरेखालच्या अवयवांना झाल्याचे दिसले.

रोजच्या स्वारासाठी सर्वांत कामाची माहिती आली ती ऑस्ट्रेलियातून. लिझ डी रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनबेराच्या परिसरातल्या २१२ अपघातग्रस्त स्वारांचा अभ्यास करून २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. आत संरक्षक कवच असलेल्या बुटांमुळे पाऊल आणि घोट्याच्या दुखापतीचा धोका जवळपास निम्म्याने कमी आढळला. त्याच वेळी, मोटारसायकलसाठी न बनवलेले साधे उंच बूटही जोडे किंवा धावण्याच्या बुटांच्या तुलनेत धोका निम्म्याहून खाली आणत होते. म्हणजे पहिली मोठी पायरी घोटा झाकण्याची आहे, आणि ती खास बूट घेण्याआधीच चढता येते.

मानक आले ते हर्ट यांच्या आणि या ऑस्ट्रेलियन अभ्यासाच्या दरम्यान. वैयक्तिक संरक्षक साधनांविषयीच्या १९८९ च्या युरोपीय निर्देशानंतर २००२ मध्ये ईएन १३६३४ हे बुटांचे मानक निघाले, परंतु त्याच्या शीर्षकात ‘व्यावसायिक’ मोटारसायकलस्वार असे शब्द होते, म्हणजे घर ते कार्यालय जाणारा माणूस कागदोपत्री त्याच्या बाहेरच होता. तो शब्द नंतरच्या आवृत्त्यांतून गेला. घर्षणाची चाचणी केंब्रिजमधल्या रॉडरिक वुड्स यांच्या कामावर आधारलेल्या यंत्रावर होते: बुटाच्या चामड्याचा तुकडा खडबडीत कागदाच्या, सेकंदाला आठ मीटर वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यावर आदळवला जातो, आणि आरपार भोक पडायला किती वेळ लागला हे तुकड्याच्या दोन्ही अंगांना ताणलेल्या बारीक तारा तुटण्यावरून कळते. दुसऱ्या एका चाचणीत बूट आडवा धरून तळाच्या रुंदीवर दाब देतात. गाडीखाली सापडलेल्या पावलाची हीच अवस्था असते.

२०१७ च्या आवृत्तीनुसार बुटाच्या आतल्या खुणेत मोटारसायकलस्वाराच्या चित्राखाली चार आकडे असतात आणि प्रत्येक आकडा १ किंवा २ असतो: पहिला उंचीचा, दुसरा घर्षणाचा, तिसरा धारदार वस्तूने कापले जाण्याचा आणि चौथा आडव्या दाबाचा. उंचीची पहिली पातळीही घोटा झाकणारी आहे, त्यामुळे घोट्याखालच्या बुटाला ही खूण मिळूच शकत नाही. घोट्यावरच्या आघाताची आणि पाणी रोखण्याची परीक्षा ऐच्छिक असून त्यांच्यासाठी वेगळी अक्षरे असतात. चारही आकडे स्वतंत्र असल्याने त्यांची बेरीज करून बूट निवडण्यात अर्थ नाही. शहरातल्या कमी वेगाच्या प्रवासासाठी, दिवसभर पायात ठेवायच्या बुटात उंची १ असून चौथा आकडा २ असेल, तर तो जोड सगळीकडे २ असलेल्या, पण जड म्हणून घरीच राहणाऱ्या जोडापेक्षा अधिक कामाचा ठरतो.