संमिश्र अध्यापन

वर्गातले समोरासमोरचे शिकवणे आणि डिजिटल साधनांवरचे शिकणे यांची एकाच अभ्यासक्रमात विचारपूर्वक घातलेली सांगड म्हणजे संमिश्र अध्यापन. यातला ‘विचारपूर्वक’ हा शब्द सोडता येत नाही. तासाभराचे व्याख्यान चित्रित करून पाठवले आणि गृहपाठ पीडीएफमध्ये दिला, एवढ्याने अध्यापन संमिश्र होत नाही. विद्यार्थ्याने एकट्याने, आपल्या गतीने काय करायचे आणि कशासाठी सगळ्यांनी एकत्र यायचे, हे आधी ठरते. साधन त्यानंतर निवडायचे.

या पद्धतीचे सर्वांत परिचित रूप म्हणजे ‘उलट वर्ग’. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क येथील शाळेत जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे शिक्षक २००७ पासून तास बुडालेल्या मुलांसाठी धडे चित्रित करू लागले. पुढे त्यांनी धडा ऐकणे घरी नेले आणि उदाहरणे सोडवणे वर्गात आणले. मूल अडते ते उदाहरण सोडवताना, आणि नेमके तेव्हाच शिक्षक जवळ असावा, हे त्यामागचे साधे कारण.

मात्र घरी पाहिलेला व्हिडिओ नुसता समोरून सरकत जाऊ शकतो. आयआयटी मुंबईत विकसित झालेल्या अध्ययनकेंद्री ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पद्धतीत यासाठी व्हिडिओच्या मध्येच थांबे ठेवतात. समजा विषय विद्युत परिपथाचा आहे. दोन सारखे बल्ब एकसर, म्हणजे एकाच तारेवर एकापुढे एक, जोडलेले दिसतात आणि शिक्षक विचारतात, ‘कोणता जास्त उजळ पेटेल? व्हिडिओ थांबवा आणि कारणासह उत्तर वहीत लिहा.’ बरीच मुले ‘पहिला’ असे लिहितात, कारण पहिला बल्ब थोडी विद्युतधारा वापरून टाकतो अशी त्यांची समजूत असते. हीच उत्तरे गूगल फॉर्मवर आदल्या रात्री हाती आली, की दुसऱ्या दिवशीचा तास व्याख्या सांगण्यात जात नाही. टेबलावर खरेच दोन बल्ब आणि एक सेल येतो, दोन्ही बल्ब सारखेच पेटतात आणि वाद सुरू होतो. डिजिटल साधनाचा खरा उपयोग हा आहे: मुलांच्या डोक्यात काय चालले आहे, ते तासाआधी शिक्षकाला कळते.

लांबीचाही विचार करावा लागतो. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या २०१४ मधील अभ्यासात, व्हिडिओ सहा मिनिटांपलीकडे गेला की लक्ष घसरते, असे दिसून आले.

२०२० च्या टाळेबंदीत घाईने उभे राहिलेले वर्ग हे या पद्धतीचे उदाहरण मानू नयेत. अभ्यासकांनी त्याला ‘आपत्कालीन दूरस्थ अध्यापन’ असे वेगळे नाव दिले आहे. त्या काळाने एक गोष्ट मात्र ठळक केली. घरात फोन एकच आणि तो वडिलांबरोबर कामावर गेलेला, अशा मुलाला सकाळी अकराचा ऑनलाइन तास मिळतच नाही. संध्याकाळी ऐकता येईल अशी व्हॉट्सॲपवरची छोटी ध्वनिफीत आणि फळ्याचा स्वच्छ फोटो त्याच्यापर्यंत पोहोचतो. सर्वांत भारी साधन निवडण्यापेक्षा सर्वांत मागे राहिलेल्या मुलाला पेलेल ते निवडणे, ही माझ्या मते या अध्यापनाची पहिली अट आहे.

भारतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांची रचना व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा अशी चार अंगांची आहे. त्यावरून मिळवता येणाऱ्या श्रेयांकांची (क्रेडिट्सची) मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये २० वरून ४० टक्क्यांवर नेली. मुक्त विद्यापीठांना यातले सूत्र जुनेच आहे. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि अभ्यासकेंद्रे यांची जोडी इंटरनेट येण्याआधीच लावली होती.

मराठी विद्यार्थ्याला जवळचे उदाहरण आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे. संगणकप्रणाली शिकवणाऱ्या या साधारण दहा मिनिटांच्या फितींत पडद्यावरचे शब्द इंग्रजीच राहतात, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते. अर्ध्या पडद्यावर फीत आणि अर्ध्यावर ती प्रणाली उघडून विद्यार्थी बसतो. एक कृती पाहतो, थांबवतो, स्वतः करतो, चुकली तर मागे जाऊन पुन्हा ऐकतो.