पोलोनेझ गालिचा

सफावी राजघराण्याच्या काळातील इराणमध्ये, मुख्यतः सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, विणला गेलेला रेशीम व कलाबतूचा गालिचा. ‘पोलोनेझ’ म्हणजे फ्रेंचमध्ये ‘पोलंडचा’. प्रत्यक्षात तो विणला जाई इस्फहान व काशान येथे.

हे नाव पॅरिसच्या १८७८ च्या जागतिक प्रदर्शनातून रूढ झाले. पोलंडच्या चार्तोरिस्की या सरदार घराण्याच्या संग्रहातील असे गालिचे तेथे मांडले होते. त्यांतल्या एकावर कुलचिन्हाची ढाल विणलेली होती. ती चार्तोरिस्कींचीच, असे पाहणाऱ्यांनी धरले. अठराव्या शतकात पोलंडमध्ये जरीचे रेशमी कमरपट्टे विणले जात, त्यामुळे गालिचेही तिकडचेच असणार, हा तर्क तेव्हा अगदीच वावगा नव्हता. पुढे गालिचे इराणी ठरले, नाव मात्र तसेच राहिले. तो ढालीचा गालिचा आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

पोलंडशी या मालाचा खरा संबंधही होता. राजा तिसरा झिगमुंट वासा याने १६०१ मध्ये सेफेर मुराटोविच या आर्मेनियन व्यापाऱ्याला इराणला धाडले. त्याने काशानमध्ये गालिचे विणवून घेतले. त्याच्या हिशेबात राजचिन्ह विणण्याचे ५ क्राउन वेगळे लावलेले आहेत. राजकन्येच्या १६४२ मधील विवाहानंतर काही नग जर्मनीत गेले असे मानतात. म्युनिकच्या राजवाड्यातील चिन्हांकित नमुने त्यांपैकीच समजले जातात, पण ते बिनलवेचे, म्हणजे वर उभे मऊ धागे नसलेले, किलीमच्या (सतरंजीसारख्या) सपाट विणीचे आहेत.

खऱ्या पोलोनेझला रेशमी लव असते. ती असमान, म्हणजे पर्शियन, गाठींनी बांधतात आणि मधल्या जागा कलाबतूने सपाट भरतात. कलाबतू म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली रुप्याची किंवा सोन्याचा मुलामा दिलेली चपटी तार. जरीचा भाग खाली बसतो आणि वेलबुट्टी तळहाताला लागेल इतकी वर उठते. संग्रहालयांत दिसणारे फिके गुलाबी, पिस्ता रंग ही या गालिच्यांची मूळ रुची नव्हे. वरचे रेशीम विटले, रुपे काळवंडले. गालिचा उलटून पाहिल्यास भडक केशरी, हिरवा नि निळा अजून सापडतो.

शाह अब्बास पहिला याच्या दरबारातून असे गालिचे परदेशी भेटीदाखल जात. १६०३ मध्ये इराणी वकिलाने व्हेनिसच्या दोजला, म्हणजे तेथील निर्वाचित राज्यप्रमुखाला, दिलेला एक गालिचा सेंट मार्क चर्चच्या खजिन्यात आहे.