भारत आणि आखाती देश : कोकणातून बघताना

सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान आणि बहरीन या सहा देशांशी भारताचा जो तेलाचा, माणसांचा, पैशांचा आणि आता करारांचाही व्यवहार चालतो त्याला कोकणात एकच शब्द आहे, गल्फ. खेड, चिपळूण, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात, जास्त करून मुस्लिम मोहल्ल्यांत, पोरगा काय करतो विचारलं की "कुवेतला असतो" एवढंच उत्तर येतं, आणि तेवढं पुरतं.

नवीन पोरांना खोटं वाटेल पण एके काळी सौदी सोडला तर तिकडे आपलाच रुपया चालायचा. सोन्याच्या स्मगलिंगमुळे आपलं परकीय चलन आटायला लागलं म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५९ ला खास तिकडच्यासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, तो गल्फ रुपया. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, बहरीनने १९६५ मध्ये, जून १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केल्यावर बाकीचेही एकेक करून सुटले, ओमान तेवढा १९७० पर्यंत थांबला. मग १९७३ ला तेलाचे भाव भडकले, तिकडे बांधकामं निघाली, म्हणजे आपला रुपया तिकडून परत आला आणि त्याच्या मागोमाग आपली माणसं तिकडे गेली.

माणसं गेली तशी दिल्लीला त्यांची काळजी घ्यावी लागली. १९८३ चा एमिग्रेशनचा (देशाबाहेर कामाला जाण्याचा) कायदा त्यासाठीच, दहावी न झालेल्याला आजही सहसा सरकारी क्लिअरन्सशिवाय तिकडे कामाला जाता येत नाही. एजंट, मेडिकल, कफील (तिकडचा जामीनदार मालक), अकामा (तिकडे राहण्याचा परवाना) हे शब्द इथे शाळा सोडलेल्या पोरालाही पाठ. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दामला मिठी मारून आले, त्यावर टीका भरपूर झाली, पण जॉर्डनच्या अम्मानमार्गे साधारण १ लाख ७० हजार भारतीय विमानांनी परत आले हेही खरं. वर्षानुवर्षं कमावलेलं तिथेच टाकून एका बॅगेवर आलेली माणसं तेव्हा कितीतरी गावांनी बघितली.

एवढं सगळं असून १९८१ ला इंदिरा गांधी अमिरातीला गेल्या त्यानंतर पंतप्रधान तिथे थेट २०१५ ला गेले, ३४ वर्षांनी! तोपर्यंत तिकडचा कारभारच बदलत चालला होता. सौदीने २०११ पासून निताकत लावून कंपन्यांना स्थानिकांची भरती सक्तीची केली, आणि तेलाचा पैसा बाहेर गुंतवायचं सगळ्यांनीच मनावर घेतलं. त्यानंतर आपल्याकडूनही वेग आला. अमिरातीशी व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू झाला, २०२३ ला रुपया-दिरहममध्ये थेट व्यवहाराचं ठरलं (म्हणजे रुपया पुन्हा तिकडे निघाला, फक्त सोन्याच्या बिस्किटांशिवाय).

कोकणाला या नव्या पर्वात ओढायचा प्रयत्नही झाला. राजापूर तालुक्यात नाणारला वर्षाला ६ कोटी टनांची रिफायनरी, त्यात २०१८ मध्ये सौदीची अरामको आणि अबुधाबीची ॲडनॉक या सरकारी तेल कंपन्या मिळून निम्मी भागीदार व्हायचं ठरलं. आंबा बागायतदार आणि मच्छीमार उभे राहिले, २०१९ ला भूसंपादन रद्द झालं, मग त्याच तालुक्यातल्या बारसूचं नाव आलं तर २०२३ ला तिथेही माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं. गल्फने इथे यावं हे इथल्या लोकांना नको होतं, आपण गल्फला जाणं मात्र चालूच.

ते जाणंही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात गल्फचा वाटा २०१६-१७ ला जवळपास ४७ टक्के होता तो २०२३-२४ ला ३८ वर आला, एकेक देश धरला तर अमिरातीला मागे टाकून अमेरिका पुढे गेली. पूर्वी सुट्टीवर आलेला माणूस दोरीने करकचून बांधलेला खोका आणायचा, त्यात ब्लँकेट, अत्तर, टेपरेकॉर्डर. आता ते सगळं चिपळूणच्या दुकानात मिळतं, त्यामुळे खोका जाताना भरतो. हापूस, सुके बोंबील, सुकट, कोकमं, घरात हुकाचा काटा लावून वजन, ३० किलोच्या वर गेलं की आई सुकटीची पुडी काढते, पोरगा मोबाईलवर बोलायला बाहेर गेला की परत कोंबते.