बिनतारी मांस-तापमापक

बिनतारी मांस-तापमापक : जाळीवर भाजल्या जाणाऱ्या किंवा धुरावर शिजणाऱ्या मांसाच्या गाभ्यातील तापमान मोजून ते मोबाइलवर वा वेगळ्या ग्राहीवर तारेविना पाठविणारे उपकरण.

उगमाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार हे उपकरण म्हणजे स्वयंपाकघरातल्या तापमापकाला जोडलेला प्रेषक, एवढेच. दुसऱ्या मतानुसार त्याचा खरा पूर्वज रेडिओसाँड (फुग्यासोबत आकाशात सोडायचे हवामान-मापक उपकरण) हा होय. फ्रान्समध्ये रोबेर ब्यूरो यांनी १९२९ मध्ये व रशियात पावेल मोल्चानोव यांनी १९३० मध्ये फुग्यासोबत सोडलेल्या उपकरणांनी तापमान बिनतारी संदेशाने जमिनीवर पाठविले. पुण्यातही हवामान खात्यात साधारण १९४० च्या दशकात पंख्यावर चालणारा रेडिओसाँड तयार झाला. तंत्राचा विचार करता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र थेट वारसा दाखविणे अवघड आहे. तापमान-मापनाची बाजू याहून जुनी आहे. दोन धातूंच्या सांध्यांतील तापमान-फरकाचा परिणाम टोमास झेबेक यांनी १८२१ मध्ये नोंदविला (त्यांनी स्वतः तो चुंबकीय मानला होता). तपयुग्म (थर्मोकपल) त्यावर चालते. स्वस्त उपकरणांत थर्मिस्टर (तापमानानुसार विद्युत्‌रोध बदलणारा घटक) असतो.

‘बिनतारी’ हे विशेषण सैल वापरले जाते. अनेक उपकरणांत मांसात खुपसलेल्या सळईची तार ग्रिलच्या झाकणाखालून बाहेरच्या डबीपर्यंत येते आणि तेथून पुढेच प्रेषण बिनतारी असते. संवेदक, विद्युत्‌घट व प्रेषक सळईतच सामावलेला प्रकार ‘मीटर’ (MEATER) या उत्पादनामुळे (किकस्टार्टर या लोकनिधी-संकेतस्थळावर, २०१५) बहुधा प्रथम सर्वपरिचित झाला. त्यात टोकाच्या संवेदकाची मर्यादा १००° से. व बाहेरच्या टोकाची २७५° से. असते. मांस ओले असल्याने त्याचे तापमान फार चढत नाही व विद्युत्‌घट त्यातच सुरक्षित राहतो. म्हणून सळई खुणेच्या रेघेपर्यंत खुपसणे आवश्यक असते. खरी अडचण प्रेषणाची आहे. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्‌झ लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि पोलादी झाकण त्यांना अडविते. त्यामुळे आकाशक (अँटेना) सिरॅमिकच्या मुठीत बसवितात आणि संदेश पुढे नेण्यासाठी जवळ दुसरी डबी ठेवतात. गच्चीवरच्या ग्रिलचा आकडा दोन मजले खाली येत नाही, ही तक्रार यामुळेच. २.४ गिगाहर्ट्‌झचा हा पट्टा भारतात परवानामुक्त आहे. अमेरिकेतील काही उपकरणांच्या ९१५ मेगाहर्ट्‌झला तशी मुभा नाही.

तपासणीसाठी बर्फाच्या पाण्यात ०° व उकळत्या पाण्यात १००° पाहावे, असे माहितीपत्रक सांगते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी. उंचीवर असल्याने येथे पाणी ९८° से.च्या आसपासच उकळते; सिंहगडावर सुमारे ९६° ला. दोन अंशांची ही तूट उपकरणाचा दोष समजून ते परत पाठविण्याचे कारण नाही. बर्फाची कसोटी अधिक भरवशाची.

अमेरिकी शिफारशींनुसार कोंबडी ७४°, खिमा ७१° आणि अखंड तुकडे ६३° (व ३ मिनिटे विसावा) सुरक्षित मानतात. ॲपमधील तक्ते मुख्यतः गोमांस व डुकराच्या मांसाचे असतात. पुण्यात मटण म्हणजे बोकड. बोकडाची रान (मांडी) ६३° ला सुरक्षित असली तरी चिवट लागते. कोलॅजन (मांसातील चिवट प्रथिन) विरघळून मांस हाडापासून सुटण्यास ९०° च्या पुढे जावे लागते. धुरावर ६५° ते ७५° च्या दरम्यान आकडा तासन्‌तास अडतो. पृष्ठभागावरील बाष्पीभवन हे त्याचे कारण. अशा वेळी कोळसा वाढविण्यापेक्षा रान फॉइलमध्ये गुंडाळणे बरे. टोक हाडाला टेकल्यास आकडा फसवा येतो, आणि लहान रानेत ते टाळणे सोपे नसते.

पुण्यात वापर मुख्यतः घरांच्या गच्च्या व मुळशी-पानशेतकडील फार्महाउसपुरता आहे. लष्कर (कॅम्प) भागातील व कोंढव्याच्या कौसरबागेतील कबाबच्या शेगड्यांवर त्याला जागा नाही : तुकडे लहान, आंच थेट, आणि तंदूरची उष्णता बाहेरच्या टोकाच्या मर्यादेपलीकडची.