व्हॅनिला जातो कुठे?

जेवणाऐवजी प्यायच्या शेक पावडरींची 'चव परीक्षा' घेणारे व्हिडिओ सध्या धो धो येतात. शेकर हलवला, एक घोट घेतला, भुवया उंचावल्या, दहापैकी नऊ गुण! हे गुण पावडरीला नसतात, पहिल्या तीन सेकंदांना असतात. सुरुवातीला गोडवा आणि सुगंध येतो. पावडरीत जे काही खोटं असेल ते घोट गिळल्यावर, कधी अर्धा ग्लास संपल्यावर, कधी तळाशी पोचल्यावर कळतं.

असं का, हे समजण्यासाठी ग्लासात काय आहे ते पाहू. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकानुसार वजन घटवण्यासाठीच्या अशा एका 'जेवणा'तून 200 ते 400 किलोकॅलरी मिळाव्यात आणि त्यांतल्या 25 ते 50 टक्के प्रथिनांतून याव्यात. म्हणजे 250 किलोकॅलरीच्या ग्लासात कमीत कमी 15-16 ग्रॅम प्रथिन आलं. एवढं प्रथिन जवळजवळ अर्धा लिटर दुधात असतं. ते एका ग्लासभर पाण्यात कोंबायचं, वर लोह, जस्त, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं घालायची आणि तरी ते आइसक्रीमसारखं लागलं पाहिजे. अडचण इथेच आहे, कारण प्रथिन सुगंध खातं.

घरी करून बघा. दोन ग्लासांत 200-200 मिली पाणी आणि दोन-दोन चमचे साखर घ्या. एका ग्लासात बिनवासाची, बिनगोडाची प्रथिन पावडर 20 ग्रॅम मिसळा. दोन्हींत व्हॅनिला इसेन्सचे चार-चार थेंब टाका, झाकून दहा मिनिटं ठेवा आणि वास घ्या. साखरपाण्याचा वास खणखणीत येईल, प्रथिनाच्या ग्लासातला मिळमिळीत. इसेन्स उडून गेलेला नाही, तो ग्लासातच आहे. पण वास यायचा तर रेणू हवेत उडून नाकापर्यंत पोचला पाहिजे आणि तोच आता बांधला गेलाय.

बांधणी दोन प्रकारची असते. पहिली सैल. दुधाच्या निवळीतलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन घडी पडून पिंपासारखं होतं आणि पिंपाच्या आतली बाजू पाण्याला नकोशी असते. पाण्यात फारसे न रमणारे सुगंधी रेणू तिथे जाऊन बसतात. तोंडात गेल्यावर त्यांतले काही सुटतात, त्यामुळे वास हळूहळू आणि कमी येतो. दुसरी बांधणी खरी रासायनिक. व्हॅनिलाचा मुख्य सुगंधी रेणू व्हॅनिलिन हे अल्डिहाइड आहे, म्हणजे त्याच्या एका टोकाला कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक खोडकर त्रयी असते. प्रथिनाच्या साखळीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल जागोजागी असतं आणि त्याच्या शेपटीवर मोकळा अमिनो गट. हे दोघं भेटले की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि कार्बन-नायट्रोजनचा दुहेरी बंध तयार होतो. याला शिफ बेस म्हणतात. नुसत्या चिकटण्यापेक्षा ही गाठ पक्की. काही रेणू लगेच अडकतात, काही सावकाश. म्हणून सकाळी सातला मिसळून डब्याबरोबर नेलेला आणि दुपारी एकला प्यायलेला शेक आणि ताजा शेक यांना एकच गुण देणं चूक आहे.

हे 'नैसर्गिक' आणि 'कृत्रिम' दोन्ही व्हॅनिलांना सारखंच लागू आहे. शेंगेतलं व्हॅनिलिन आणि ग्वायाकोल या रसायनापासून कारखान्यात बनवलेलं व्हॅनिलिन हा एकच रेणू. 'नो केमिकल्स' लिहिलेल्या डब्यात नेमकं काय भरलंय, निर्वात पोकळी?

व्हॅनिला बांधला गेला की मागचं उघडं पडतं. वाटाण्याच्या किंवा सोयाच्या प्रथिनाला जो हिरवट, कच्च्या शेंगेसारखा वास असतो त्यात हेक्झानल या रेणूचा मोठा हात आहे. दाणा दळताना लायपॉक्सिजिनेज हे विकर (एन्झाइम) लिनोलिइक या मेदाम्लाचं ऑक्सिडीकरण घडवतं आणि त्यातून हेक्झानल निपजतं. शिवाय लोहाच्या क्षारांची 'धातूची चव' बरीचशी चव नसून वासच असतो. नाक चिमटीत धरून घोट घ्या, बहुतेक नाहीशी होते. चिमूट सोडली की परत येते, कारण वास घशामागच्या वाटेनेही नाकात जातो.

गोडव्याचाही वेळेशी असाच घोळ आहे. साखरेऐवजी वापरलं जाणारं सुक्रालोज साखरेच्या सुमारे 600 पट गोड, म्हणजे 12 ग्रॅम साखरेचं काम ढोबळमानाने 20 मिलिग्रॅममध्ये. पण त्याचा गोडवा साखरेपेक्षा उशिरा चढतो आणि जिभेवर रेंगाळतो. 1976 मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात रसायनशास्त्रज्ञ लेस्ली हफ यांच्याकडे काम करणाऱ्या शशिकांत फडणीस यांना हा गोडवा सापडला. पदार्थ 'टेस्ट' करायला, म्हणजे तपासायला सांगितलं होतं, त्यांनी 'टेस्ट' म्हणजे चाखून बघ असं ऐकलं, अशी कथा आहे. मराठीत तर दोन्ही शब्द लिहायलाही सारखेच! (प्रयोगशाळेत हा कित्ता गिरवू नये.)

आता नीट चाखायचं कसं? पावडर चमच्याने मोजू नका, काट्यावर तोला. डब्यात पावडर दबते आणि तोच चमचा कधी 30 ग्रॅम भरतो, कधी 36. आधी पाणी, मग पावडर. उलट केलंत तर पेय दाट करणाऱ्या झँथन गमचा बाहेरचा थर फुगून चिकट होतो, आत पाणी शिरत नाही आणि मध्ये कोरडी पावडर असलेल्या गुठळ्या उरतात. हलवून झाल्यावर दहा मिनिटं थांबा, फेस बसतो आणि गम पुरता फुलतो. फेसामुळे पेय उगाच मलईदार वाटतं. पाण्याचं तापमान दोन्ही नमुन्यांना एकच हवं. गोड ओळखणाऱ्या पेशींतली टीआरपीएम5 ही आयनांची (विद्युतभारित कणांची) वाट थंडीत नीट उघडत नाही, म्हणून वितळलेली कुल्फी अतिगोड लागते.

दोन पावडरींत खरंच फरक आहे का, हे ठरवायला त्रिकोणी चाचणी वापरा. तीन सारखे स्टीलचे पेले, दोनांत एक पावडर, तिसऱ्यात दुसरी. खाली 482, 917 असे आकडे चिकटवा. भरणारा एक, देणारा दुसरा, आणि पेल्यांचा क्रम प्रत्येकाला वेगळा. वेगळा पेला ओळखायचा, 'आवडला का' विचारायचं नाही. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश. घरातल्या चौघांपैकी तिघांनी ओळखलं तर हुरळून जाऊ नका, तिघं किंवा जास्त बरोबर येणं नशिबानेही नऊतून एकदा घडतं. चौघंही बरोबर असतील तर ती शक्यता 81 मध्ये एक. बारा जण असतील तर फरक खरा मानायला किमान आठ बरोबर हवेत. दोन नमुन्यांच्या मध्ये कोमट पाणी आणि चिमूटभर बिनमिठाच्या साळीच्या लाह्या, आणि दोन मिनिटांची विश्रांती. सुक्रालोज तेवढ्यानेही पुरतं जात नाही, म्हणून एका बैठकीत दोन फेऱ्या पुरे.

गुण द्यायचेच तर चार वेळा द्या: तोंडात असताना, गिळल्यावर 15 सेकंदांनी, एका मिनिटाने आणि शेवटच्या घोटाला. शेवटचा घोट बहुतेक जण ओतून देतात. तोवर पेय कोमट होऊन गोडवा वाढलेला असतो आणि पाण्यात न विरघळणारं कॅल्शियम फॉस्फेट तळाशी बसलेलं असतं. चॉकलेट मऊ लागावं म्हणून त्यातले कण साधारण 30 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली दळतात. त्याहून जाड कण जीभ पकडते, मग तो घोट पाटीवरच्या खडूसारखा लागतो.