सकाळी गाडी मिसिंग करते? गरम करून आणू नका, रात्री आमच्याकडे सोडा

नाशिकमध्ये थंडी पडली की आम्हाला रोज हाच फोन येतो. सकाळी सेल्फ मारला की गाडी मिसिंग करते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही आणि इंजिन अडखळतं, आरपीएमचा काटा वरखाली होतो, कधी कधी बंदच पडते, आणि पाच-दहा मिनिटं चालली की एकदम ओके. आम्ही म्हणतो गाडी दाखवा, मग तुम्ही ओझर, सिन्नर नाहीतर पिंपळगावहून गाडी चालवत आणता, आणि गॅरेजच्या दारात येईपर्यंत इंजिन पूर्ण तापलेलं, काटा ८०० वर स्थिर. "अहो सकाळी खरंच करत होती" असं तुम्ही सांगता, आणि ते खरंच असतं, पण गरम गाडीत हा फॉल्ट बहुतेक वेळा दिसतच नाही. मग एकतर अंदाजाने प्लग बदला, कॉइल बदला, सेन्सर बदला, नाहीतर गाडी परत न्या आणि पुन्हा या. दोन्हीत तुमचाच वेळ आणि पैसा जातो.

आधी नॉर्मल काय ते बघू, कारण काही जण उगाच घाबरून येतात. थंड इंजिनमध्ये पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, मुद्दाम पेट्रोल जास्त सोडतो आणि आरपीएम १२०० ते १५०० वर ठेवतो, मग मिनिट-दोन मिनिटांत तो हळूहळू साडेसातशे-आठशेवर येतो. तेवढा वेळ आवाज जरा मोठा वाटणारच, त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही. पण काटा ५०० पर्यंत पडून परत उसळतोय, स्टिअरिंगला झटके जाणवतायत, सायलेन्सरमधून फटफट आवाज किंवा कच्च्या पेट्रोलचा वास येतोय, तर तो फॉल्ट आहे.

आता गरम झाल्यावर तो जातो कुठे? जात नाही, झाकला जातो. सायलेन्सरच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर साधारण ३०० डिग्रीला तापल्याशिवाय नीट काम करत नाही, तोपर्यंत ईसीएम कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) टेम्परेचर सेन्सर आणि हवेचा सेन्सर जे सांगतील त्या हिशोबाने पेट्रोल देतो. एकदा ऑक्सिजन सेन्सर चालू झाला की तो कमीजास्त सुधारून घेतो आणि गाडी शांत होते. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट किंवा व्हॅक्यूमचा पाइप जुना होऊन कडक झाला असेल तर थंडीत तो आकसतो, फटीतून जादा हवा आत जाते, आणि इंजिन तापलं की तीच फट पुन्हा दबून बंद होते. इंजेक्टर ठिबकत असेल तर रात्रभरात पेट्रोल आत साचतं आणि सकाळी पहिली काही सेकंदं गाडी अडखळते, नंतर दिवसभर काही नाही. हेड गॅस्केटमधून कूलंट झिरपत असेल तरी पहिल्याच स्टार्टला मिसिंग आणि पांढरा धूर, मग गायब. यातल्या बहुतेक गोष्टी थंड इंजिनवरच नीट पकडता येतात.

म्हणून आमची पद्धत अशी. संध्याकाळी सातच्या आत गाडी सोडायची, रात्रभर ती बाहेर उघड्यावर उभी राहते, कारण शेडमध्ये पुरेशी थंड होत नाही. सकाळी सेल्फ मारायच्या आधी स्कॅनर लावून फक्त स्विच ऑन करतो आणि दोन आकडे बघतो, कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही जवळपास सारखेच हवेत. बाहेर ११ डिग्री, हवेचा सेन्सर १२ दाखवतोय आणि कूलंटचा ३५, तर सेन्सर किंवा त्याचं वायरिंग खोटं बोलतंय, ईसीएमला वाटतंय इंजिन कोमट आहे म्हणून तो पेट्रोल कमी देतोय, आणि गाडी मिसिंग करतेय. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, पण चालवत आणलेल्या गाडीत ती होऊच शकत नाही. मग स्टार्ट करून कुठला सिलिंडर मिस करतोय ते बघतो. समजा दोन नंबर असेल तर त्याची कॉइल तीन नंबरला लावतो, मिसिंग तीनला सरकलं तर कॉइल गेली, नाही सरकलं तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं पुढे जातो. हवा कुठून खेचतेय ते बघायला मॅनिफोल्डच्या जॉइंटवर स्प्रे मारतो आणि आरपीएम बदलतो का ते बघतो. तो स्प्रे पेट घेणारा असतो, तापलेल्या इंजिनवर आम्ही तो मारत नाही.

सीएनजी वाल्यांनी पुढचं नीट वाचा, कारण अशा तक्रारीत सीएनजीच्या गाड्या आमच्याकडे भरपूर येतात. बहुतेक गाड्या सकाळी पेट्रोलवरच स्टार्ट होतात आणि थोड्या वेळाने सीएनजीवर जातात, म्हणजे तुमची तक्रार जरी सीएनजी गाडीची असली तरी ती पाच मिनिटं गाडी पेट्रोलवर असते. आणि पेट्रोलच्या टाकीत काय असतं, तर महिनोन् महिने पडून राहिलेलं दोन लिटर. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. वर पेट्रोलचे इंजेक्टर दिवसातून पाच मिनिटं वापरले जातात, त्यांच्यात गाळ बसतो. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, टाकी कायम रिझर्व्हला ठेवली की तो लवकर जातो. तेव्हा टाकीत निदान पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवा. यात आमचा काही धंदा नाही, पण तुमचा पंप वाचेल.

थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, तिच्या क्लीनिंगबद्दल पण सांगतो. बरेच जण ठरवूनच येतात की "थ्रॉटल साफ करा, यूट्यूबवर बघितलंय". कार्बन बसला असेल तर त्याने नक्की फरक पडतो, आणि साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांना स्कॅनरने आयडल (गाडी उभी असतानाचा आरपीएम) परत शिकवावं लागतं, नाहीतर आरपीएम काही दिवस उलटाच जास्त राहतो. पण फट व्हॅक्यूम पाइपला असेल तर थ्रॉटल चकाचक करूनही सकाळी तेच होणार. म्हणून आधी तपासणी, मग काम. घाई करू नका.

आणखी एक कळकळीची विनंती, चेक इंजिनची लाइट आली तर मोबाइलच्या ब्लूटूथ स्कॅनरने कोड उडवू नका आणि बॅटरीची वायर काढून लाइट घालवू नका. कोडसोबत त्या क्षणाची नोंद साठलेली असते, इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती होता, आणि कोड उडवला की तीही जाते. पी०३०१ ते पी०३०४ मधला, म्हणजे कुठला सिलिंडर मिस करतोय ते सांगणारा कोड आणि त्या वेळचं कूलंट ९ डिग्री अशी नोंद मिळाली की आमचं अर्धं काम तिथेच होतं. कोड वाचून त्याचा फोटो पाठवा, तेवढं पुरे. आणि लाइट स्थिर न राहता लुकलुकत असेल तर गाडी चालवूच नका, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं, आणि तो पार्ट महाग आहे. फोन करा, आम्ही येतो.

डिझेल गाड्यांचं वेगळं. तिथे आधी ग्लो प्लग (थंड इंजिन स्टार्टआधी तापवणारा) आणि त्याचा रिले बघावा लागतो. स्विच ऑन केल्यावर कॉइलची लाइट विझू द्या, मग सेल्फ मारा. तरीही पांढरा धूर आणि थरथर असेल तर घेऊन या.

पैशाबद्दल, कारण यावर दर वेळी वाद होतो. तपासणीचे ५०० रुपये लागतात, फॉल्ट काहीही निघो. काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा होतात, दुसरीकडे केलंत तरी आमच्या रिपोर्टचा कागद तुम्हाला मिळतो. नुसतं स्कॅनर लावून कोड सांगणारे कमी पैसे घेतात, पण कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे, सिलिंडर मिस करतोय एवढंच तो सांगतो, का करतोय ते शोधायला माणूस सकाळी साडेसहाला थंड गाडीशी उभा राहावा लागतो. नाशिक शहरात राहणाऱ्यांकडे आम्ही सकाळी घरी येऊनही तपासतो, त्याचे जायचे-यायचे २०० जादा, फक्त आम्ही पोचायच्या आधी गाडीला सेल्फ मारू नका, शेजारच्याची वाट मोकळी करायलाही नाही.

गाडी सोडायला येताना सकाळचा एक व्हिडिओ काढून ठेवा, आवाज आणि काटा दोन्ही येऊ दे. शेवटचे प्लग कधी बदलले ते आठवत असेल तर सांगा, आणि टाकीत पाच लिटर पेट्रोल असू द्या.